मांसल वनस्पतींची घरगुती लागवड

पाने, खोड किंवा मुळे यांमध्ये पाणी साठवून ठेवणाऱ्या वनस्पतींना मांसल किंवा रसाळ वनस्पती म्हणतात. रोपवाटिकांत त्या 'सक्युलंट' या नावाने विकल्या जातात. कोरफड, पानफुटी, जेड, हॉवर्थिया व स्नेक प्लांट या घरात सहज वाढणाऱ्या मांसल वनस्पती होत. कुंडीतील मांसल वनस्पती दगावण्याचे प्रमुख कारण पाण्याची टंचाई नसून पाण्याचा अतिरेक हे असते.

वैशिष्ट्ये

निवडुंग कुलातील जवळजवळ सर्व वनस्पती मांसल असतात. परंतु प्रत्येक मांसल वनस्पती निवडुंग नसते. मराठीत निवडुंग म्हणूनच ओळखला जाणारा थोर हा वस्तुतः युफोर्बिया प्रजातीतील आहे.

अनेक मांसल वनस्पती दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात व रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड शोषतात. हा वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दिवसा प्रकाशसंश्लेषणासाठी वापरला जातो. यामुळे बाष्पोत्सर्जन कमी होते. जेड व पानफुटी ज्या क्रॅस्युलेसी कुलातील आहेत, त्यावरून या प्रक्रियेस 'क्रॅस्युलेसी आम्ल चयापचय' असे नाव पडले. या वनस्पती रात्री ऑक्सिजन देतात, हा समज चुकीचा आहे. ऑक्सिजनच्या निर्मितीस प्रकाश आवश्यक असतो.

निवड

घरातील उजेड पाहून वनस्पती निवडावी. मंद उजेडात स्नेक प्लांट तग धरतो, तर हॉवर्थियाला खिडकीजवळचा सौम्य उजेड पुरतो. जेड व कोरफड यांना रोज काही तास ऊन लागते. प्रकाश अपुरा पडल्यास खोड लांबट व फिकट होऊन पानांतील अंतर वाढते. रोप विकत घेताना बुंधा घट्ट आहे ना, हे पाहावे. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकणाचा पांढरा कापसासारखा थर असल्यास ते रोप घेऊ नये.

कुंडी व माती

तळाशी छिद्र असलेली मातीची कुंडी उत्तम, कारण तिच्या भिंतींतूनही ओलावा उडून जातो. बागेतील माती व जाडी वाळू समप्रमाणात घेऊन त्यात थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. निव्वळ काळी माती पाणी धरून ठेवत असल्याने टाळावी.

पाणी

ठरावीक वारी पाणी न घालता माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच भरपूर पाणी द्यावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. पावसाळ्यात हवा दमट असल्याने माती उशिरा वाळते. त्या काळात पाणी बरेच कमी करावे व कुंडी पावसापासून आडोशाला ठेवावी.

पाणी कमी पडल्यास पाने सुरकुततात. जास्त झाल्यास ती पिवळी, पारदर्शक व मऊ होऊन गळतात. मुळे कुजल्यावर ती पाणी शोषू शकत नाहीत व ओल्या मातीतही रोप मरगळते. अशा वेळी तहान समजून आणखी पाणी घातले, तर रोप हमखास मरते. ते उपटून कुजलेला भाग कापावा, जखम सुकू द्यावी आणि कोरड्या मातीत पुन्हा लावावे.

अभिवृद्धी

पानफुटीच्या पानाच्या कडेवरील खाचांतून नवी रोपे फुटतात; शाकीय प्रजननाचे हे परिचित उदाहरण आहे. जेडची फांदी दोन-चार दिवस सावलीत सुकवून लावतात. कोरफडीची बुंध्याशी आलेली पिले वेगळी करता येतात. पिवळ्या कडांचा स्नेक प्लांट पानाच्या तुकड्यापासून वाढवल्यास नव्या रोपात ती पिवळी कड उतरत नाही. त्यासाठी गड्ड्याची विभागणी करावी लागते.

दक्षता

पानफुटी व तिच्या कलांचो प्रजातीतील इतर वनस्पती गुरे, कुत्री व मांजरे यांना विषारी असतात. थोराचा पांढरा चीक त्वचा व डोळ्यांना दाहक असतो. कोरफडीच्या सालीखालील पिवळा चीक तीव्र रेचक आहे. पाळीव प्राणी असलेल्या घरांसाठी बिनविषारी हॉवर्थिया योग्य ठरते.