धातूच्या नॅनोतारा

दहा ते काहीशे नॅनोमीटर व्यासाच्या धातूच्या तारा. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. सोनाराच्या जंतरातून एवढी बारीक तार निघत नाही. ती वाढवावी लागते.

सच्छिद्र ॲल्युमिनाच्या पापुद्र्याला एका बाजूने सोन्याचा थर देतात; तोच ऋणाग्र. मोरचुदाच्या द्रावणात वीज सोडली की छिद्रांच्या तळापासून तांबे साचत वर येते. मग कॉस्टिक सोड्याने साचा विरघळवला की तारा मोकळ्या होतात.

आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा, म्हणून वायूचा अंशही तारेचा विद्युतरोध बदलतो. २००१ मध्ये रेजिनाल्ड पेनर यांच्या गटाने पॅलेडियमच्या तारांनी हायड्रोजन टिपला. गंमत अशी, की वायू शोषून तारेतील कण फुगतात, त्यांच्यातील फटी बुजतात आणि प्रवाह वाढतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील महेंद्र शिरसाट यांनी धातूला पॉलिमरची जोड दिली. अशोक मुलचंदानी आदींसह २००९ मध्ये त्यांनी पॉलिॲनिलीनच्या नॅनोतारांवर सोन्याचे नॅनोकण बसवून हायड्रोजन सल्फाइडचा संवेदक मांडला. सडक्या अंड्यांचा वास येतो तो हाच विषारी वायू. मात्रा वाढली की नाक बधिर होते, म्हणून गटारसफाईत वासावर विसंबता येत नाही.