पुराच्या लाकडाचे खुराडे

पुण्याच्या इतिहासात कोंबडीला जागा नाही. शनिवारवाडा, टिळक-आगरकर, गणेशोत्सव यांच्या गर्दीत ती बिचारी कुठे बसणार? पण देशातल्या अंड्यांच्या भावाची चर्चा निघाली की पुण्याचे नाव निघतेच. सोवळ्या-ओवळ्याच्या या शहरात अंड्याने पाय कसा रोवला, याची एक छोटी हकिगत आमच्या घरात घडली. आज तीच सांगणार आहे, आणि तिच्या आधाराने थोडा इतिहासही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची जुनी भिंतही टिकली नाही आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. नारायण पेठेत नदीच्या बाजूला एका वाड्यात आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. आम्ही उंचावर पळालो म्हणून वाचलो. वाडा मात्र बसला. वडील, म्हणजे आमचे अण्णा, एका छापखान्यात खिळे जुळवायचे. तिथे गाळ भरला. घर आणि पगार दोन्ही एकाच दिवशी गेले.

पूरग्रस्तांसाठी गावाबाहेर वसाहती उभ्या राहिल्या. आमच्या वाट्याला गोखलेनगरची अर्धगोल पत्र्याची ‘निसन हट’ आली. वाड्याच्या मालकांनी चांगल्या तुळया आणि खांब विकले. उरलेसुरले भाडेकरूंना न्यायला सांगितले. अण्णांनी हातगाडीवर एक मोडके सागवानी दार, जिन्याच्या सहा पायऱ्या आणि खिडकीची जाफरी घातली. लोक म्हणाले, चला, पावसाळ्याचे जळण झाले. अण्णांना ते जाळवेना.

तोडगा शेजारच्या काकांनी काढला. ते मूळचे मावळातले. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला होता. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापली. लोक आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती जमत, शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर आपसात चर्चा करत. काका अशाच एका मंडळात बसलेले. ते आईला म्हणाले, “वहिनी, कोंबड्या पाळा. लाकूड तुमच्यापाशी आहे, गिऱ्हाईक मी आणतो.” आजीने कानांवर हात ठेवले. आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी आजीला म्हणाली, “अंडं चुलीपाशी येणार नाही, एवढं मी बघते.”

खुराडे अण्णांनी आणि काकांनी मिळून केले. जुने सागवान इतके कडक की खिळा वाकायचा; आधी गिरमिटाने भोक पाडायचे, मग खिळा ठोकायचा. दाराचे उतरते छप्पर झाले. त्यावर डांबर फासले. पायऱ्यांच्या फळ्यांचा तळ झाला, तोही जमिनीपासून दीड हात उंच, म्हणजे ओल आणि घुशी दोन्ही लांब. समोर जाफरी आणि तिच्या आतून बारीक जाळी, कारण मुंगसाला जाफरीचे भोक पुरते. लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे तोंड करून ठेवल्या, म्हणजे कलते ऊन आत येत नाही. पश्चिमेची बाजू पावसासाठी बंद. पण जुन्या लाकडाचा खरा धोका त्याच्या फटींत असतो. दिवसा तिथे बारीक किडे लपतात आणि रात्री बाहेर पडून कोंबडीचे रक्त पितात. काकांनी प्रत्येक फटीत रॉकेल चोळले, ते सुकल्यावर चुना भरला.

मग खडकीच्या सरकारी कुक्कुटपालन केंद्रातून पंचवीस पिल्ले आली, एक दिवसाची, पांढऱ्या लेगहॉर्न जातीची. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते. त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरते. म्हणून तर पिल्ले खोक्यात घालून दूरच्या गावी पाठवता येतात. जगभरचा पिल्लांचा व्यापार या एका सोयीवर उभा राहिला.

इथे थोडे थांबून कोंबडीचाच इतिहास सांगायला हवा. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते. दहा-बारा अंडी झाली की ती खुडूक होते, एकवीस दिवस रवणावर बसते, नंतर पिल्लांना घेऊन हिंडते. तेवढे दिवस अंडे बंद. धंदेवाल्याच्या दृष्टीने हा तोटा. म्हणून इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेल्या लेगहॉर्नमध्ये पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली आणि खुडूक होण्याची खोड जवळजवळ नाहीशी झाली. अंडी अनेक पटींनी वाढली, पण पिल्लांची आई गेली. उबवण्याचे काम यंत्राने उचलले. पंखाखाली घेण्याचे काम मात्र ज्याच्या दारात खोके उतरेल त्याच्यावर पडले. आमच्याकडे ते माझ्या आईवर पडले.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. आमच्याकडे तापमापक नव्हता. कंदिलावर पत्र्याचा डबा पालथा घालून आई ऊब करायची आणि पिल्लांकडे पाहून ती जोखायची. पिल्ले डब्याला चिकटून ओरडायला लागली की थंडी, लांब जाऊन चोची उघडल्या की उष्मा, सगळीकडे पसरून निजली की ठीक. चौथ्या रात्री रॉकेल संपले आणि आईचा डोळा लागला. सकाळी सात पिल्ले कोपऱ्यात मेलेली सापडली. थंडीने सगळी एकावर एक चढली होती आणि खालची गुदमरली होती. आई काही बोलली नाही. अण्णांनी पत्र्याची पट्टी वाकवून आत गोल कडे बसवले. कोपराच उरला नाही. सुतारकामात काटकोनाला केवढा मान! पण पिल्लांसाठी तोच जीवघेणा ठरला होता.

पाच-सहा महिन्यांनी दहा कोंबड्या अंड्यावर आल्या. रोज सहा-सात अंडी काका पिशवीतून नेत. त्या पैशांतून माझी फी आणि घरातले दूध निघू लागले. पुढच्या उन्हाळ्यात मानमोडी आली, म्हणजे राणीखेत. कुमाऊँमधल्या गावाचे नाव मिळालेला हा रोग १९२०च्या दशकात भारतात ओळखला गेला आणि १९४०च्या दशकात मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत त्याची लस तयार झाली. पहिली लस आम्ही दिली होती, दोन महिन्यांनंतरची राहून गेली होती. चार दिवसांत दहातल्या आठ गेल्या. आजीच म्हणाली, “पुन्हा आण पिल्लं. या खेपेला लस मी आठवण करीन.” अंड्याला हात न लावणारी आजी पुढे भिंतीवर कोळशाने लसीच्या तारखा लिहायची.

छापखाना पुन्हा सुरू झाला तरी ते खुराडे दहा-बारा वर्षे चालले. मग काळ बदलला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. तिचे मुख्यालय पुढे पुण्यात आले आणि हजारो पक्ष्यांच्या शेडचा जमाना सुरू झाला. तरीही भाव दलालच ठरवत. म्हणून १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी स्थापन झाली. उत्पादकाने आपल्या अंड्याचा भाव आपण ठरवावा हा तिचा आग्रह. रोज अंडी खायला सांगणारी तिची जाहिरात दूरदर्शनवर सगळ्यांनी ऐकली आहे. अंडे स्वस्त झाले, गरिबाच्या ताटात आले. हे मोठे काम झाले. मात्र दहा कोंबड्यांचे खुराडे या हिशोबात बसेना.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला, देशात पहिल्यांदाच. त्या भागातल्या लाखो कोंबड्या नष्ट केल्या गेल्या. पांढऱ्या पोशाखातली माणसे पोती उचलताना दूरचित्रवाणीवर दिसत होती. आई तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची होती. सगळे घर रोगाविषयी बोलत होते. तिने एवढेच विचारले, “शेडवाले उभे राहतील रे. पण ज्यांच्या दारात दहाच होत्या, त्यांच्या पोरांची फी कोण भरणार?”

खुराडे मोडले तेव्हा दाराची एक फळी मी ठेवून घेतली. ती माझ्या गॅलरीत बसायला आहे. तिच्यावर गिरमिटाची भोके आहेत, आणि एका फटीत चुना अजून तसाच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)