पोथ्यांसाठी उभा राहिलेला मनोरा

देवासाठी देऊळ उभारतात, राजासाठी वाडा उभारतात. पण परदेशातून आणलेल्या पोथ्यांना आगीचे भय राहू नये, म्हणून एखाद्या सम्राटाने मनोरा बांधून द्यावा, असे उदाहरण जगात विरळाच. चीनमधील शीआन शहरात तसा एक मनोरा आहे. त्याचे नाव रानहंसांचा मोठा मनोरा. शीआन म्हणजे तांग सम्राटांची राजधानी चांगआन.

शीआनला येणाऱ्या प्रवाशाची पहिली धाव असते ती १९७४ मध्ये सापडलेल्या मातीच्या सैनिकांकडे. आमच्या मंडळींचेही तसेच झाले. पण सोबत एक निवृत्त इतिहासशिक्षक होते. 'सैन्य पाहिलेत, आता ग्रंथालय पाहा,' असे म्हणून ते आम्हांला इकडे घेऊन आले.

पोथ्या कुणाच्या? ह्युएनत्संगच्या. इ. स. ६२९ च्या सुमारास परवानगीवाचून देशाबाहेर पडलेला हा भिक्षू ६४५ मध्ये परतला, तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादलेले होते. सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि पन्नासएक पोथ्या पाण्यात गेल्या. पुढे त्याने भारतातील एका विद्वान मित्राला पत्र लिहिले आणि बुडालेल्या ग्रंथांची यादी जोडून त्यांच्या प्रती मागवल्या! ६४८ मध्ये युवराजाने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ येथे एक विहार बांधला होता. त्याच्या आवारात ६५२ मध्ये मनोऱ्याचे काम निघाले, तेव्हा पन्नाशीतला ह्युएनत्संग स्वतः टोपलीतून विटा वाहत असे. तो पाच मजली मनोरा पुढे ढासळला. आठव्या शतकाच्या आरंभी तो नव्याने उभा राहिला, १५५६ च्या भीषण भूकंपाचा तडाखाही त्याने सोसला. आज त्याचे सात मजले आहेत आणि उंची सुमारे ६४ मीटर.

आत लाकडी जिना. तिसऱ्या मजल्यावरच निम्म्या मंडळींचे गुडघे कुरकुरू लागले. प्रत्येक मजल्याला चारही दिशांना कमानदार झरोके आहेत. तेथे वारा खात सारे टेकले. एवढ्यात आमच्यातील एका वहिनींनी सरळ प्रश्न टाकला, "गुरुजी, सगळे पाहिले, पण पोथ्या कुठे आहेत?"

गुरुजी हसले. "पोथ्या आता येथे नाहीत, वहिनी. पण ग्रंथ आहेत."

त्यांचे म्हणणे खरे होते. परतल्यावर ६६४ मधील मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे एकोणीस वर्षे, ह्युएनत्संग आणि त्याचे सहकारी भाषांतर करीत राहिले. ७५ ग्रंथ, १३३५ भाग! त्यांतल्या कित्येकांचे संस्कृत मूळ भारतातून नाहीसे झाले. ते आज वाचायला मिळतात ते या चिनी भाषांतरांमुळेच.

आम्हां मराठी मंडळींचा तर या माणसाशी आणखी जवळचा संबंध. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला होता, तेव्हा दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. हर्षाने पूर्व-पश्चिम जिंकली, पण हा देश त्याला नमला नाही, हे त्याने नोंदवून ठेवले. येथील लोक मानी, विद्येची आवड असलेले. उपकार न विसरणारे आणि अपमानही न विसरणारे. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी बजावून घेणारे, असे त्याने लिहिले आहे. सेनापती हरून आला तर त्याला शिक्षा नाही, फक्त बायकी वस्त्रे द्यायची. तेवढ्याने तो लाजेने प्राण देई! डोंगरातील एका मजलेदार विहाराचे आणि दारातील दगडी हत्तींचे त्याने केलेले वर्णन अजिंठ्याचेच असावे, असे विद्वान मानतात. ती लेणी पुढे जगाच्या विस्मरणात गेली आणि १८१९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. चिनी ग्रंथात मात्र ती हजारांहून अधिक वर्षे नोंदलेली होती.

हे ऐकून वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आपले चित्र काढले आपल्या पाहुण्याने, आणि जपलेही त्याच्याच घरच्यांनी."

विटांचा मनोरा पोथ्या राखू शकला नाही. त्या राखल्या वाचणाऱ्यांनी, पुन्हा लिहून काढणाऱ्यांनी. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एखादे जुने बासन खाली आले, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा सोडून पाहावे.