डिशवॉशरमधील क्षारांचा थर

डिशवॉशरमधून धुऊन निघालेल्या काचेच्या, स्टीलच्या भांड्यांवर जड पाण्यामुळे बसणारा पांढुरका पापुद्रा. त्याचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. सोबत मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापवल्यावर विघटन पावते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कार्बोनेट भांड्यांवर, यंत्राच्या भिंतींवर व हीटरवर बसते. वाळवणीच्या टप्प्यात भांड्यावर राहिलेला थेंब आटला की त्यातले उरलेले क्षारही तिथेच डाग धरतात.

पूर्वी डिशवॉशरच्या पावडरीतील फॉस्फेट कॅल्शियमला पाण्यातच धरून ठेवत असे. मात्र सांडपाण्यातील फॉस्फेटमुळे तळ्यांत शेवाळ माजते, म्हणून 2010 मध्ये अमेरिकेतील अनेक राज्यांनी आणि 2017 पासून युरोपीय संघाने त्यावर कडक मर्यादा घातल्या. त्याऐवजी आलेली सायट्रेटसारखी द्रव्ये फारच जड पाण्यात कमी पडू शकतात. त्यामुळे खरा बंदोबस्त पाणी भांड्यांपर्यंत पोचण्याआधीच करावा लागतो.

बऱ्याच डिशवॉशरच्या तळाशी रेझिनची टाकी असते. तिच्यातून जाताना पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम रेझिनला चिकटते आणि बदल्यात सोडियम पाण्यात येते. रेझिन भरत आले की शेजारच्या कप्प्यातील मिठाचे पाणी त्यावरून सोडून ते पुन्हा ताजे केले जाते. यासाठी डिशवॉशरचे जाडे, शुद्ध मीठच वापरावे. स्वयंपाकाच्या बारीक मिठात गुठळी होऊ नये म्हणून घातलेली द्रव्ये असतात, ती कप्पा तुंबवतात. मीठ धुलाई सुरू करण्याच्या अगदी आधी भरावे, कारण सांडलेले खारे पाणी तसेच राहिले तर स्टीलला गंज चढवते. या कप्प्यात चुकूनही डिटर्जंट घालू नये. रेझिनची यंत्रणा बिघडते.

मीठ भरूनही डाग पडतात तेव्हा दोष बहुधा यंत्रावरील पाण्याच्या कठीणतेच्या, म्हणजे जडपणाच्या, सेटिंगचा असतो. कठीणतेच्या मिलिग्रॅम प्रतिलिटरमधील आकड्याला 17.8 ने भागले की बऱ्याच यंत्रांवर वापरले जाणारे जर्मन अंश मिळतात : 300 म्हणजे सुमारे 17. भारतीय मानक आय. एस. 10500 नुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता 200 पर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही भांड्यांवर थर धरू शकते. मुंबईत तलावांचे पाणी मृदू, तर दख्खनच्या बेसाल्टमधून उपसलेले बोअरचे पाणी बहुधा जड. पुण्याच्या उपनगरांत उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की नळाचे पाणीच बदलते; तेव्हा चाचणीच्या पट्टीने पाणी पुन्हा तपासून सेटिंग वाढवणे अगत्याचे, आणि नेमके तेच राहून जाते.

मृदू केलेल्या पाण्यातही सोडियमचे क्षार असतातच, म्हणून थेंब आटला की डाग राहू शकतो. तो टाळण्यासाठी रिन्स एड हे द्रव्य वापरतात. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करते, त्यामुळे थेंब न राहता पाणी पसरून ओघळते. मीठ व रिन्स एड एकत्र असल्याचे सांगणाऱ्या डिटर्जंटच्या वड्या मध्यम कठीणतेपर्यंत पुरतात. बोअरच्या पाण्याला मीठ वेगळे घालावेच.

बसलेला थर सायट्रिक आम्लाने सुटतो. ग्लासवर लिंबू चोळून पाहावे : धूसरपणा गेला तर तो क्षारांचा. न गेल्यास काच झिजलेली असते. अतिमृदू पाणी, जास्त डिटर्जंट आणि जास्त तापमान यांमुळे ही झीज होते व ती भरून निघत नाही. अशा वेळी सेटिंग खाली आणावे लागते.