शेवाळाचे कागद

घराचे जुने नकाशे ज्यांनी हाताळले असतील त्यांना निळ्या कागदावरच्या पांढऱ्या रेघा आठवतील. 'ब्लू प्रिंट' हा शब्द तिथूनच आला. ही पद्धत जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. लोहाच्या क्षारांचे द्रावण कागदाला लावून वाळवायचे, त्यावर वस्तू ठेवून कागद उन्हात धरायचा आणि मग साध्या पाण्याने धुवायचा. ऊन लागेल तिथे निळे, झाकलेले राहील तिथे पांढरे. इमारतींचे नकाशे या कागदावर बऱ्याच नंतर आले. त्याआधी त्यावर समुद्रातले शेवाळ उमटले होते.

ते काम ॲना ॲटकिन्स यांचे. विल्यम हार्वी या वनस्पतिशास्त्रज्ञाने ब्रिटिश समुद्रशैवालांवर १८४१ मध्ये पुस्तक काढले, पण त्यात चित्रे नव्हती. ती उणीव ॲनांनी भरून काढायला घेतली. पहिला भाग ऑक्टोबर १८४३ मध्ये निघाला आणि काम दहा वर्षे चालले. सुमारे चारशे पाने, प्रत्येक प्रतीचे प्रत्येक पान हाताने उन्हात छापलेले. छायाचित्रे असलेले पहिले पुस्तक म्हणून टॅलबट यांच्या ग्रंथाचे नाव घेतले जाते, पण त्याची सुरुवात १८४४ची. ॲनांनी सही केली ती नुसती 'ए. ए.' अशी. पुढे कोणी तिचा अर्थ 'अनामिक हौशी' असा लावला! ॲना तान्ही असतानाच तिची आई गेली. बाळंतपणातून ती सावरलीच नाही. मुलगी वाढवली वडिलांनी, आणि पुस्तकही त्यांनाच अर्पण आहे. ॲनांना मूलबाळ झाले नाही. यावरून 'आईच्या जागी समुद्र' अशी कविता मी करणार नाही. कागदपत्रांत तसे काही नाही.

मार्गारेट गॅटी यांच्या बाबतीत मात्र आईपण आणि समुद्र यांचा संबंध उघड आहे. शेफील्डजवळच्या एक्लेसफील्ड गावच्या धर्मगुरूंची ही पत्नी, दहा मुलांची आई. १८४८ मध्ये बाळंतपणानंतर प्रकृती ढासळली म्हणून त्या हवापालटासाठी हेस्टिंग्जच्या किनाऱ्यावर गेल्या. तिथल्या एका डॉक्टरांनी वाचायला दिले ते हार्वींचेच सचित्र पुस्तक. रिकामा वेळ घालवायला घेतलेला विषय जन्मभर सुटला नाही.

शेवाळ कागदावर घेणे हे हातात कसब असल्याशिवाय जमत नाही. पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यात शेवाळ तरंगू द्यायचे. खालून जाड कागद सरकवायचा, सुईने किंवा कुंचल्याने एकेक फांदी मोकळी करायची आणि कागद अलगद तिरका करत वर उचलायचा. वर मलमलचे फडके, मग टिपकागद, मग वजन. बहुतेक शेवाळांना डिंक लागत नाही, त्यांचा स्वतःचा चिकटपणाच त्यांना कागदाला धरून ठेवतो. जमले तर तो कागद जलरंगातल्या चित्रासारखा दिसतो. त्या काळच्या इंग्रज घरांत हा बायकांचा वेळ घालवण्याचा छंद समजला जाई, आणि समजणारे तिथेच थांबत.

गॅटींचे घर समुद्रापासून लांब. मग ओळखीपाळखीचे लोक टपालाने शेवाळ पाठवत. मुलांचे संगोपन, घरखर्चाला हातभार म्हणून मुलांसाठी गोष्टींचे लेखन, आणि उरलेल्या वेळात शेवाळ. अशी चौदा वर्षे गेल्यावर १८६३ मध्ये 'ब्रिटिश सी-वीड्स' प्रसिद्ध झाले. त्यात बायकांना रोकडा सल्ला आहे: खडकांत उतरायचे तर पुरुषी बूट घाला आणि परकर घोट्याच्या खाली येऊ देऊ नका. मला हा भाग वर्गीकरणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. हार्वींनी ऑस्ट्रेलियातल्या एका लाल शैवालाच्या प्रजातीला 'गॅट्या' हे नाव दिले, म्हणजे शास्त्रज्ञांच्या लेखी तरी हा निव्वळ छंद नव्हता.

१८७३ मध्ये त्या वारल्या. त्यांचे शेवाळाचे कागद पुढे त्यांच्या मुलीने स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाला दिले. तिथे 'गॅटी' नावाची सागरी प्रयोगशाळाही आहे. पाहणाऱ्याला वाटते, ती याच बाईंच्या नावाने असेल. ती आहे चार्ल्स हेन्री गॅटी या देणगीदाराच्या नावाने.