मॅगव्हीलची गोष्ट

आपल्याकडे गॅरेजमधली बरीच मंडळी अलॉय व्हीलला अजूनही 'मॅगव्हील' म्हणतात. काही जण तर चक्क 'मॅकव्हील'! ऐकून वाटतं, मॅग नावाची एखादी कंपनी असेल. तसं काही नाही. मॅग म्हणजे मॅग्नेशियम. गंमत अशी की आज रस्त्यावर दिसणारी बहुतेक सगळी मॅगव्हीलं अ‍ॅल्युमिनियमची असतात.

गेले दोन विकांत मी माझ्या स्विफ्टसाठी जालावर चाकं शोधतोय. दोन सेट समोर होते. डिझाइन तेच, माप तेच, रंगही तोच. किमतीत फरक मात्र तिप्पट. नुसता ब्रँडचा पैसा की आणखी काही? म्हणून जरा खोलात शिरलो, आणि नेहमीप्रमाणे इतिहासात जाऊन पडलो :)

गोष्ट सुरू होते १९२४ मध्ये. तोपर्यंत शर्यतीच्या गाड्यांना सायकलसारखी तारांची चाकं असायची. त्या वर्षी ३ ऑगस्टला फ्रान्समध्ये लियाँच्या ग्रां प्री शर्यतीत एत्तोरे बुगाटीने आपली 'टाइप ३५' गाडी उतरवली. तिची चाकं अ‍ॅल्युमिनियम ओतून बनवलेली होती. आठ चपटे आरे, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. आऱ्यांतून वारा जाऊन ब्रेक थंड राहायचा आणि चाक काढलं की ब्रेक समोर उघडा. त्या दिवशी टायरचे पट्टे उखडत राहिले आणि बुगाटी हरला. पण पुढे १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत बुगाटीच्याच गाड्यांनी जिंकली.

हलकं चाक इतकं महत्त्वाचं का? गाडीचं बहुतेक वजन स्प्रिंगवर बसलेलं असतं, चाक मात्र स्प्रिंगच्या खाली. जड चाक खड्ड्यावरून उसळलं की परत रस्त्याला चिकटायला वेळ घेतं, आणि तेवढा वेळ स्टिअरिंग नि ब्रेक दोन्ही रामभरोसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात टेड हॅलिब्रँडने हाच विचार आणखी ताणला आणि शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाकं ओतली. मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांशाने हलकं. पण ते गंजतं लवकर, आणि एकदा पेटलं की विझवणं महाकठीण. ट्रॅकवर ठीक, रोजच्या वापराला नाही. १९५६ मध्ये सुरू झालेल्या 'अमेरिकन रेसिंग'सारख्या कंपन्यांनी तसंच रूप अ‍ॅल्युमिनियममध्ये आणलं आणि ते हौशी तरुणांच्या गाड्यांना लागलं. मॅग्नेशियम गेलं, 'मॅग' हे नाव मात्र राहिलं.

इथून चाकांच्या दोन जाती झाल्या, आणि किमतीतला फरक बराचसा इथेच आहे. एक ओतीव, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतायचा. स्वस्त पडतं, हवा तो आकार मिळतो. पण घाईत ओतलं तर आत बारीक बुडबुडे राहतात, आणि ते बाहेरून दिसत नाहीत. दुसरी घडीव. धातूचा घट्ट गोळा प्रचंड प्रेसखाली दाबून आकार द्यायचा. पोर्शच्या ९११ एस गाडीवर १९६६ मध्ये आलेलं ते प्रसिद्ध पाच पाकळ्यांचं चाक असंच घडीव, जर्मनीतल्या ऑटो फुक्स कंपनीचं. जपानच्या रेज कंपनीचं १९९६ चं 'टीई३७' हेही घडीव. त्यातले ३७ म्हणजे ३.७ किलो, १५ इंची चाकाचं वजन! नावातच स्पेसिफिकेशन. अशी नावं आपल्या व्हेरिएबल्सना ठेवता आली तर काय बहार येईल.

आता खरी अडचण बघा. चाकाचा आकार फोटो बघून कॉपी करता येतो. धातू कसा घडवलाय, ते फोटोत येतच नाही. १९७० मध्ये जर्मनीत शिल्टाख गावी सुरू झालेल्या बीबीएसच्या जाळीदार चाकांच्या नकला जगभर निघाल्या. नक्कल चांगल्या रस्त्यावर वर्षानुवर्षं चालेलही. पण ताशी शंभरच्या वेगात खड्डा आला की फरक कळतो. स्टीलचं चाक बहुधा वाकतं, खराब ओतलेलं चाक तडकतं. मग गाडीत कोण बसलंय, हे ते बघत नाही.

यावर जपानने काढलेला उपाय मला फार आवडला. तिथे अलॉय चाकांसाठी 'जेडब्ल्यूएल' नावाचं मानक आहे. त्यात चाकाच्या तीन परीक्षा असतात. फिरवत वाकवायचं, भार देऊन ड्रमवर पळवायचं आणि १३ अंशांत तिरकं धरून त्यावर वजन आपटायचं. कंपनीने स्वतः तपासलं की 'जेडब्ल्यूएल', आणि स्वतंत्र प्रयोगशाळेत पास होऊन नोंदणी झाली की 'व्हीआयए' ही अक्षरं चाकावर येतात. जर्मनीत चाकावर केबीए नंबर असतो. आपल्या पुण्यातही वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये अशा चाचण्या होतात. थोडक्यात, डेव्हलपरने 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणणं वेगळं आणि क्यूएने पास करणं वेगळं!

दुकानात निदान चाक उचलून तरी बघता यायचं. अमेरिकेत १९७९ मध्ये सुरू झालेल्या 'टायर रॅक'सारख्या दुकानांनी ते आधी फोनवर आणि मग इंटरनेटवर विकायला सुरुवात केली, आणि तेही गेलं. आता आपल्या हातात उरतात फक्त अक्षरं आणि आकडे. ते तरी नीट वाचावेत. माझ्या स्विफ्टचा पीसीडी ४ × १००, म्हणजे चार बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. मधलं भोक ५४.१. बाजारातल्या चाकाचं भोक बहुधा मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे ते अनेक गाड्यांना बसतं. मधली फट भरायला रिंग लागते, नाहीतर स्टिअरिंग थरथरू शकतं. 'ईटी' म्हणजे ऑफसेट. हा शब्द जर्मन आइनप्रेसटीफेवरून आलाय. तो चुकला की टायर आत घासतो किंवा बाहेर डोकावतो. आणि चाकाची भारक्षमता गाडीच्या गरजेपेक्षा कमी नको.

विक्रेत्याला एकच गोष्ट मागा : चाकाच्या मागच्या बाजूचा फोटो. पुढची बाजू सगळेच दाखवतात. मागे मानकाची खूण, भारक्षमता, माप आणि कंपनीचं नाव स्पष्ट उमटलेलं असावं. खुणेचीही नक्कल होते, म्हणून नोंदणी विचारा, बिल मागा. फोटो द्यायलाच टाळाटाळ झाली तर टॅब बंद करा.

मी त्या दोन्ही विक्रेत्यांना मेल टाकलाय. महागवाल्याकडून तासाभरात चार फोटो आले. स्वस्तवाल्याने आणखी दहा टक्के सूट देऊ केली. फोटो अजून नाही. असो, मला उत्तर मिळालं.