सलामी देणारे गाव

श्रोतेहो, शाळेतला जगाचा नकाशा भिंतीवर टांगा आणि कॅरिबियन समुद्रातले सिंट युस्टेशियस बेट हुडकून काढा. सापडले नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. क्षेत्रफळ अवघे 21 चौरस किलोमीटर! त्यावर डचांनी वसवलेले एकच गाव, ओरान्यस्टाड. कड्यावर किल्ला आणि वरचे गाव, खाली समुद्राला लागून वखारींचे खालचे गाव.

आता एवढ्याशा गावात वखारी कशाला? तर 1756 साली डचांनी हे बंदर जकातमुक्त केले. इंग्रज, फ्रेंच आपापसांत लढत असले, तरी व्यापार येथे बिनबोभाट चाले. साखर, कापड, दारूगोळा, आणि, सांगायला जड जाते, पण गुलाम माणसेदेखील. 1779 साली तीन हजारांहून अधिक जहाजे येथे लागली. अमेरिकेतल्या बंडखोरांना बंदुकीची दारू पोचली, ती बरीचशी येथूनच.

16 नोव्हेंबर 1776 रोजी ‘अँड्र्यू डोरिया’ हे त्या बंडखोरांचे जहाज बंदरात आले. त्याने तोफा डागल्या. गव्हर्नर द ग्राफ याच्या हुकुमाने किल्ल्यावरून उलट सलामी झाली. परक्या सत्तेने आपल्या निशाणाला दिलेली ही पहिली सलामी, असे अमेरिकन लोक मानतात. इंग्रज मात्र चिडले.

3 फेब्रुवारी 1781 रोजी अ‍ॅडमिरल रॉडनी आरमार घेऊन आला. युद्ध पुकारल्याची बातमीही गावाला नव्हती. गाव लढलेच नाही. रॉडनीने डच निशाण तसेच फडकत ठेवले, म्हणजे येणारी गलबते आपण होऊन जाळ्यात शिरावीत! येथे ज्यूंची मोठी वस्ती होती. 1739 साली बांधलेल्या त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या पिवळ्या विटांच्या भिंती आजही उभ्या आहेत. त्यांच्या पुरुषांना रॉडनीने एकत्र केले, कपड्यांचे अस्तर उसवून पैसे काढले आणि तीस जणांना बायकामुलांचा निरोपही न घेऊ देता दुसऱ्या बेटावर धाडले. याबद्दल पार्लमेंटात कोणी जाब विचारला असेल? एडमंड बर्कने. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालवणारा, तोच हा बर्क. लुटीचा मोठा भाग फ्रेंचांनी वाटेतच पळवला, आणि नोव्हेंबरात बेटही घेतले.

नंतर व्यापार आटला, वखारी ढासळल्या. 16 नोव्हेंबर हा दिवस मात्र तेथे अजून साजरा होतो.

पण मला विचाराल, तर या गावाचा दुसरा दिवस मोठा. 1 जुलै 1863. त्या दिवशी डच वसाहतींतील गुलामगिरी संपली. ज्या किल्ल्याने स्वातंत्र्याला सलामी दिली, त्याच्याच पायथ्याशी माणसे विकली जात होती, आणि त्यांना त्यानंतर 87 वर्षे थांबावे लागले. गुलामांजवळ निळ्या काचेचे मणी असत. सुटका झाली तेव्हा त्यांनी ते समुद्रात भिरकावले, असे तेथील लोक सांगतात. खालच्या गावाच्या पडक्या भिंतींपुढे बुडी मारणाऱ्यांना ते निळे मणी अजून सापडतात.